रंगाआधी आरसीवरचा बोजा पाहा

1996 ची चंदेरी मर्सिडीज ई 220 गडद निळी करायची आहे, 18 इंची अलॉय चाके बसवायची आहेत, तर पुण्यात चांगला पेंटर कोण, असे तुम्ही विचारले आहे. पेंटरची नावे इतर सदस्य सुचवतीलच. मी अडखळलो तो तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी: ऑनलाइन नोंदीत जुन्या कर्जाचा बोजा दिसतो, पण ते कर्ज केव्हाच फिटले असल्यामुळे त्याची काळजी नाही. माझ्या याच मालिकेतल्या मर्सिडीजचे (डब्ल्यू 124) प्रकरण नेमके इथेच अडकले होते.

गाडीचा रंग आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते, आणि गाडीवर बोजा असेल तर वित्तसंस्थेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागतात. माझ्या जुन्या आरसी पुस्तकात बोजा उतरवल्याचा शिक्का स्वच्छ दिसत होता, पण नोंदी संगणकावर चढवताना तो गळला आणि फिटलेले कर्ज पुन्हा माझ्या गाडीच्या नावावर आले. कर्ज देणारी संस्था तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. त्या बँकेच्या शाखेत दर खेपेला एकच उत्तर मिळे, की हे खाते आमच्या सिस्टिममध्ये नाही, म्हणून एनओसी देता येत नाही. बरे, खाते नाही एवढे तरी लेखी द्या म्हटले, तर त्यालाही नकार. ज्या कर्जाचा मागमूस खुद्द बँकेला लागत नाही, त्याच कर्जापायी मालकाने गाडी अडकवून बसावे, याचा मला आजही संताप येतो. अख्खा पावसाळा गाडी कव्हरखाली उभी राहिली आणि पेंटरने दिलेली तारीखही हातची गेली.

म्हणून काउंटरवर वाद घालण्यात दिवस घालवू नका. आरसी पुस्तकाची प्रत जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही. माझी फाइल हलली ती तिथे तक्रार गेल्यावरच. एनओसी हाती आली की बोजा उतरवण्याच्या फॉर्म 35 सोबत लगेच आरटीओत द्या, कारण तिला मुदत असते. मी वकील नाही आणि प्रत्येक आरटीओची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा कागदपत्रांची यादी तुमच्या कार्यालयातून खात्री करून घ्या. तोवर गाडीला सँडपेपरही लावू देऊ नका.

आता रंगाविषयी, आणि हे माझे वैयक्तिक मत समजा. या गाडीच्या दारांच्या खालच्या भागावर ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत, त्यांना मर्सिडीजचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साको यांच्या नावाने ओळखतात. बहुतेक मूळ रंगांत त्या वरच्या पत्र्यापेक्षा वेगळ्या छटेच्या असत, आणि त्या रेषेमुळेच ही उंच गाडी लांब व ठाशीव दिसते. पेंटर सगळे एकाच रंगात मारून देतो म्हणेल, पण ऐकू नका. निळ्याखाली किंचित राखाडी झाक असलेली छटा निवडा आणि आधी एका सुट्या पट्टीवर मारून ती उन्हात पाहा. गाडी आपली आहे हे सांगायला एवढा फरक पुरतो, त्यासाठी मोठा स्पॉयलर नको.

अलॉय मी 17 इंचीच घेईन. मूळ 195/65 आर 15 टायरचा व्यास सुमारे 634 मिलिमीटर, आणि 225/45 आर 17 चाही तेवढाच, त्यामुळे स्पीडोमीटर खोटे बोलत नाही आणि खड्ड्यांसाठी टायरची भिंतही उरते. बोल्ट 5×112 (112 मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) जुळले म्हणून भागत नाही. चाकाचे मधले भोक 66.6 मिलिमीटरचे हवे, मोठे असेल तर नेमक्या मापाची रिंग बसवा, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरते. त्या काळातल्या या गाड्यांच्या इंजिन वायरिंगचे आवरण ठिसूळ होऊन गळते, तेही रंगाच्या खर्चाआधी तपासून घ्या.

नवा रंग आरसीवर चढला की तिची प्रत आणि अलॉयची पावती विमा कंपनीला लेखी कळवा व पॉलिसीवर नोंद करून घ्या. एजंटच्या तोंडी होकारावर विसंबू नका.