सिग्नलला उभी गाडी, मोठे टायर आणि फेटाळलेला क्लेम

प्रश्न : माझ्या फोर बाय फोर गाडीला मूळ २४५/७५ आर १६ टायर होते. मी २८५/७५ आर १६ बसवले. चार महिन्यांपूर्वी सिग्नलला उभा असताना मागून टेम्पोने धडक दिली. बंपर, मागचा दरवाजा, चासी, सगळ्याचं नुकसान झालं. विमा कंपनीने तीन आठवड्यांपूर्वी ‘अनधिकृत बदल’ एवढं कारण देऊन क्लेम फेटाळला. आरसीवर टायरचा आकार कुठेच छापलेला नाही, मग बदल कसला? गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. जुने टायर परत चढवून टाकू का?

उत्तर : टायरला आत्ता हात लावू नका. गाडी उभी आहे तशी, चारही टायरवरचे आकडे वाचता येतील असे फोटो काढा. घाईने टायर बदललेत तर ‘पुरावा नष्ट केला’ हा नवा मुद्दा तुम्हीच त्यांच्या हातात द्याल.

आरसीचा तुमचा मुद्दा हुशार आहे, पण मी त्याच्या भरवशावर केस उभी करणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ‘आरसीत नाही म्हणजे चालतं’ असा अर्थ त्यातून काढता येतो, पण जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनवर जोर दिल्यापासून तो युक्तिवाद लंगडा झाला आहे. कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. टायरवाला ‘काही होत नाही’ म्हणाला असेल, पण दंडाची पावती त्याच्या नावाने फाटत नाही.

आता खरी गोष्ट. चूक झाली हे मान्य केलं तरी त्या चुकीने अपघात झाला का? तुमच्या टायरचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटरवरून ८३४ वर गेला. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास पळते, ब्रेकवर ताण वाढतो, वळणावर गाडीचा तोल बदलतो. तुम्ही चालत्या गाडीने कुणाला ठोकलं असतं तर मी हे उत्तर फार वेगळं लिहिलं असतं. पण उभ्या गाडीला ना वेग, ना ब्रेक, ना वळण. धडक टेम्पोने दिली.

विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर एकच दावा करू शकतो : गाडी उंचावल्यामुळे टेम्पोचं तोंड बंपरखाली घुसलं आणि चासीचं नुकसान वाढलं. व्यास ६० मिमीने वाढला म्हणजे गाडी उचलली गेली ३० मिमी. तेवढ्याने काय फरक पडला ते त्याने दाखवावं. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, आणि पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या अटीचा भंग झाला हेही लेखी विचारा. ‘अनधिकृत बदल’ हे कारण झालं, अट नव्हे.

न्यायालयांनी हा धागा आधीच पकडला आहे. नितीन खंडेलवाल (२००८) हे चोरीचं प्रकरण होतं. गाडी पॉलिसीच्या अटीबाहेर वापरली जात होती, पण चोरीशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून क्लेम सरसकट नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. तिथे ७५ टक्के रक्कम मिळाली. अमलेंदु साहू (२०१०) प्रकरणात मात्र पाच लाखांच्या मागणीवर न्यायालयाने एकरकमी अडीच लाखच द्यायला सांगितले. म्हणून तुम्ही मागा पूर्ण, पण मनात धरा फार तर ७५ टक्के.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथे चालतात, मुदत एक वर्षाची. वकिलाला तिथे उभं राहता येत नाही, तेव्हा माझीही फी वाचली! मात्र त्याच वादासाठी ग्राहक आयोगात गेलात तर लोकपालाचं दार बंद होतं. म्हणून आधी लोकपाल. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.

एक रस्ता तुम्ही विसरलात : टेम्पोचा विमा. वाहन नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टेम्पोमालक आणि त्याच्या विमा कंपनीवर लावता येतो. त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि तुमचे चार गेले. पंचनामा आणि टेम्पोचा नंबर घेऊन याच आठवड्यात एखाद्या वकिलाला गाठा. एकाच नुकसानीचे पैसे दोघांकडून मिळणार नाहीत, पण दोन्ही दारं उघडी ठेवायला हरकत नाही.

टायर कधी बदलायचे? फोटो काढून, कंपनीला तसं लेखी कळवून, गॅरेजमधून गाडी बाहेर काढण्याआधी. काढलेले टायर विकू नका.