क्रोम डिफॉल्ट केला, तरी लिंक एजमध्येच का उघडते?

विंडोजमध्ये क्रोम डिफॉल्ट केला, तरी काही लिंक एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्येच उघडतात, बिघाड आहे का, असं तुम्ही विचारलंय. बिघाड नाही. सेटिंग जागेवरच आहे, त्या सॉफ्टवेअरने ती विचारली नाही.

नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर लिंक विंडोजच्या हवाली करून मोकळं होतं. विंडोज रजिस्ट्रीतली, म्हणजे सेटिंग्ज साठवायच्या त्याच्या कोठारातली, ‘यूजरचॉइस’ ही नोंद बघून त्यातला ब्राउझर उघडतं. विंडोज ८ पासून (२०१२) त्या नोंदीला हॅश, म्हणजे नोंदीवरूनच काढलेली पडताळणीची खूण, जोडलेला असतो. एखाद्या प्रोग्रामने परस्पर नाव बदललं, तर हॅश जुळत नाही आणि विंडोज तो बदल मानत नाही.

स्टार्ट मेनूतला शोध आणि विजेट्स यांच्या लिंकची सुरुवातच ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ने होते. मग डिफॉल्ट कोण बघणार? ‘एजडिफ्लेक्टर’ नावाचं छोटं साधन अशा लिंक आपल्या ब्राउझरकडे वळवायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बुजवली. हे मला आजही पटत नाही. आउटलुक या ईमेलच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये लिंक कशात उघडायची ते निवडता येतं.

उरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकदा लिहिणाऱ्याने ब्राउझरचं नाव कोडमध्येच टाकलेलं असतं. मी नागपुरात दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, आणि ही चूक मीही केली आहे. इतवारीतल्या एका काकाजींचे सगळे पासवर्ड फायरफॉक्समध्ये जपलेले. माझ्या बटणाने जीएसटीचं पोर्टल दुसऱ्याच ब्राउझरमध्ये उघडायचं. पासवर्डची जागा रिकामी दिसली, की ते घाबरून फोन करायचे, ‘भाऊ, सगळं पुसलं गेलं जी!’ रिटर्न भरायची शेवटची तारीख, दुकानात गिऱ्हाईक, आणि हा माणूस हिशेबाची वही बाजूला ठेवून पासवर्ड शोधतोय. पुसलं काहीच गेलं नव्हतं. ब्राउझरचं नाव काढून पत्ता थेट ‘शेलएक्झिक्यूट’कडे, म्हणजे डिफॉल्ट बघून लिंक उघडणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, दिला. एका ओळीचा बदल. ती ओळ मी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती. कोणता ब्राउझर वापरायचा हे काकाजींनी ठरवलं होतं, ते मोडायचा मला हक्क नव्हता.

तुम्ही आधी विंडोज ११ च्या सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्समध्ये क्रोम उघडा, ‘सेट डिफॉल्ट’ दाबा आणि खालच्या यादीत एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएमएल यांच्यापुढे क्रोमच आहे ना ते बघा. पीडीएफ वेगळं असतं, ते स्वतंत्र बदलावं लागतं. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एखादा पूर्ण वेबपत्ता टाका. तो क्रोममध्ये उघडला, तर तुमच्या बाजूने सगळं ठीक आहे. ज्या सॉफ्टवेअरची लिंक तरीही एजमध्ये जाते, त्याच्या बनवणाऱ्याला हाच प्रयोग लिहून कळवा.