वाचकांचे प्रश्न : रेसिड्युअलचा आलेख वाचायचा कसा?

या वेळी रिग्रेशनविषयी (एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा बसवण्याविषयी) बरीच पत्रं आली आणि बहुतेक एकाच जागी अडलेली आहेत. मॉडेल बसवलं, पण ते पटण्यासारखं आहे का, हे रेसिड्युअलवरून कसं ओळखायचं? रेसिड्युअल म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली किंमत वजा मॉडेलनं काढलेली किंमत. मराठीत त्याला अवशेष म्हणता येईल, पण इथे रेसिड्युअल हाच शब्द ठेवू.

उदाहरणांसाठी फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेले चार छोटे संच घेतले आहेत. प्रत्येकात ११ जोड्या आहेत. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची ७.५०, रेषा य = ३ + ०.५ क्ष आणि आर-स्क्वेअर (यच्या चढउतारातला रेषेनं उलगडलेला वाटा) ०.६७. आकडे इतके लहान आहेत की वही-पेन घेऊन कुणालाही ताडून पाहता येतील.

प्रश्न : माझ्या मॉडेलचा आर-स्क्वेअर ०.६७ आहे, उताराची पी-व्हॅल्यू ०.००२ आहे. तरी मार्गदर्शक म्हणतात, आधी रेसिड्युअल दाखव. त्यातून आणखी काय कळणार? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : सरळ रेषा हा आकार मुळात योग्य होता का, ते कळणार. आर-स्क्वेअर ते सांगत नाही आणि पी-व्हॅल्यूही (खरा उतार शून्य असताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा उतार दिसण्याची शक्यता) सांगत नाही. तुमचे हेच दोन आकडे ॲन्सकोमच्या दुसऱ्या संचातही येतात, म्हणून तोच घेऊ. क्ष ४ पासून १४ पर्यंत ओळीनं लावला, तर य असे आहेत : ३.१०, ४.७४, ६.१३, ७.२६, ८.१४, ८.७७, ९.१४, ९.२६, ९.१३, ८.७४, ८.१०. प्रत्येकातून ३ + ०.५ क्ष वजा करा. क्ष = ४ ला रेषा ५ सांगते, प्रत्यक्षात ३.१० आहे, म्हणून रेसिड्युअल −१.९०. असंच पुढे गेलं की ही रांग मिळते : −१.९०, −०.७६, ०.१३, ०.७६, १.१४, १.२७, १.१४, ०.७६, ०.१३, −०.७६, −१.९०.

आता ही रांग नुसती वाचा. दोन्ही टोकांना वजा, मध्ये अधिक, आणि मधल्या १.२७ च्या दोन्ही बाजूंना तेच आकडे उलट क्रमानं. यात योगायोगाला जागाच नाही. मूळ संबंध वक्र आहे आणि आपण त्यावर फूटपट्टी ठेवली आहे. चांगल्या मॉडेलच्या रेसिड्युअलमध्ये चिन्हांचा असा पट्टा दिसत नाही, अधिक-उणे विस्कटलेले असतात.

उपाय : मॉडेलमध्ये क्ष-वर्ग हे पद घाला आणि रेसिड्युअल पुन्हा काढा. या संचात ते जवळजवळ शून्यावर येतात. चल अनेक असतील तर वक्रता कुठल्या चलातून येते हे शोधायला प्रत्येक चलासमोर रेसिड्युअलचा वेगळा आलेख काढावा लागतो. चाचणीच हवी असेल, तर रॅम्झी यांची १९६९ ची रिसेट चाचणी आहे : मॉडेलनं काढलेल्या यचा वर्ग आणि घन ही दोन जादा पदं घालून मॉडेल पुन्हा बसवायचं आणि त्या दोन पदांना मिळून एफ-चाचणी लावायची (दोन्हींमुळे मॉडेल खरंच सुधारतं का, ते पाहायला). काहीतरी सुटलं आहे एवढंच ती सांगते. काय सुटलं, ते आलेखातच शोधावं लागतं.

प्रश्न : रेसिड्युअलची बेरीज बरोबर शून्य आली आणि क्षशी त्यांचा सहसंबंधही शून्य आला. याचा अर्थ गृहीतकं पाळली गेली, असं लिहू का?

उत्तर : लिहू नका. मॉडेलमध्ये स्थिरपद (वरच्या रेषेतले ३) असेल तर किमान वर्ग पद्धतीत (रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी रेषा काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) या दोन्ही गोष्टी नेहमीच शून्य येतात, मॉडेल कितीही चुकीचं असो. वरचा वक्र संचही या 'तपासणीत' उत्तीर्ण होतो. बेरीज शून्य आली नाही, तर मात्र आकडेमोडीत चूक आहे किंवा स्थिरपद गाळलं गेलं आहे.

प्रश्न : रेसिड्युअल आणि य यांचा आलेख काढला, तर बिंदू तिरपे वर चढताना दिसतात. मॉडेल बिघडलं आहे का? (पीएच.डी. संशोधक, अर्थशास्त्र)

उत्तर : मॉडेलबद्दल यावरून काहीच म्हणता येत नाही. आडवा अक्ष चुकीचा घेतला आहे. प्रत्यक्ष य आणि रेसिड्युअल यांचा सहसंबंध, १ मधून आर-स्क्वेअर वजा करून जे उरतं त्याच्या वर्गमुळाइतका असतोच. आर-स्क्वेअर ०.६७ असेल तर तो ०.५७ च्या आसपास, म्हणजे चढ दिसणारच. आडव्या अक्षावर मॉडेलनं काढलेला य घ्या, प्रत्यक्ष मोजलेला नव्हे. मग हा खोटा चढ जातो, आणि त्यानंतर जे उरेल ते खरं.

प्रश्न : फ्लॅटच्या किमती आणि चटईक्षेत्र यांचं मॉडेल केलं आहे, ६० नोंदी आहेत. लहान फ्लॅटचे रेसिड्युअल शून्याजवळ आहेत, मोठ्यांचे दूरवर पसरलेत. रेषा ठीक बसलेली दिसते, पण आलेख कर्ण्यासारखा आहे. काय करावं? (पुणे)

उत्तर : कर्ण्याचा आकार म्हणजे चुकांचा पसारा सगळीकडे सारखा नाही. उतार त्यामुळे पक्षपाती होत नाही. बिघडते ती त्याची प्रमाण त्रुटी (उताराच्या अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप), आणि तिच्याबरोबर टी-मूल्य, पी-व्हॅल्यू, विश्वास-अंतर हे सगळं.

डोळ्याचा अंदाज ब्रॉइश आणि पेगन यांच्या १९७९ च्या चाचणीनं पक्का करता येतो. हल्ली तिचं कोएन्कर यांनी सुधारलेलं रूप वापरतात, ते हातानंही जमतं. रेसिड्युअलचे वर्ग करा. त्या वर्गांना य समजून चटईक्षेत्रावर दुसरं रिग्रेशन बसवा. त्याच्या आर-स्क्वेअरला नोंदींच्या संख्येनं गुणा. समजा तो ०.११ आला, तर ६० × ०.११ = ६.६. एका चलासाठी काय-स्क्वेअरची ५ टक्क्यांची मर्यादा ३.८४ आहे. ६.६ तिच्या वर, म्हणून पसारा सारखा नाही. एक सावधगिरी : संबंध वक्र असेल तरीही रेसिड्युअलचे वर्ग टोकांना फुगतात आणि चाचणी विनाकारण ओरडते. म्हणून आधी वक्रता मिटवा, पसारा नंतर.

उपाय तीन आहेत. मॉडेल तेच ठेवून फक्त प्रमाण त्रुटी सुधारायच्या असतील, तर व्हाइट यांच्या १९८० च्या पद्धतीच्या रोबस्ट (पसारा असमान असला तरी चालणाऱ्या) त्रुटी घ्या. पसारा क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो अशी खात्री असेल, तर प्रत्येक नोंदीला १ भागिले क्षेत्राचा वर्ग एवढं वजन द्या. किमतींच्या बाबतीत मात्र लॉग घेणं सहसा सर्वांत साजेसं, कारण किमतीतली चूक बहुधा टक्क्यांत वाढते. पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात खूप जण पडतात. लॉगमधलं उत्तर उलटवून रुपयांत आणलं की सरासरी किंमत मिळत नाही, त्याहून कमी काहीतरी मिळतं. लॉगमधले रेसिड्युअल घंटाकृती आणि त्यांचं प्रमाण विचलन ०.४ असेल, तर सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी जास्त असते. दुरुस्ती रेसिड्युअलच करतात : प्रत्येक रेसिड्युअलचा लॉग उलटवा, त्या ६० आकड्यांची सरासरी काढा आणि तिनं अंदाजाला गुणा. ही युक्ती नायहुआ दुआन यांनी १९८३ मध्ये मांडली.

प्रश्न : ॲन्सकोमच्या तिसऱ्या संचावर एक्सेलमध्ये सराव केला. एक बिंदू वेगळा दिसतो, पण त्याचा 'स्टँडर्ड रेसिड्युअल' २.७६ आहे. तीनच्या आत, म्हणजे चालेल ना? (महाविद्यालयीन शिक्षक, नाशिक)

उत्तर : चालणार नाही. हा प्रश्न मुद्दाम सविस्तर घेतो, कारण तीनचा नियम सर्रास शिकवला जातो आणि लहान संचात तो निकामी ठरतो.

तो बिंदू क्ष = १३, य = १२.७४ असा आहे. रेषा ९.५ सांगते, रेसिड्युअल ३.२४. एक्सेल त्याला सगळ्या रेसिड्युअलच्या साध्या प्रमाण विचलनानं भागतं आणि २.७६ देतं. बिंदू क्षच्या सरासरीपासून किती लांब आहे, हे त्यात धरलेलंच नाही. ती लांबी म्हणजे लिव्हरेज. एका चलासाठी सूत्र असं : १ भागिले नोंदींची संख्या, अधिक क्षच्या सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग भागिले अशा सगळ्या वर्गांची बेरीज. इथे १/११ + १६/११० = ०.२३६. (प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या नावानं ओळखलं जाणारं अंतर याच घराण्यातलं. त्याच्या वर्गाला नोंदींपेक्षा एकनं कमी संख्येनं भागून १/११ मिळवलं की लिव्हरेजच हाती येतं.) लिव्हरेज धरून प्रमाणित केलं की आकडा ३.०० होतो.

हा ३.०० कमी वाटतो? तर हे पाहा : अशा प्रमाणित रेसिड्युअलला वरून छत असतं, नोंदींतून मॉडेलमधली पदं वजा करून येणाऱ्या संख्येचं वर्गमूळ. ११ − २ = ९, वर्गमूळ ३. म्हणजे हा बिंदू छताला टेकला आहे! ११ नोंदींत 'तीनच्या वर' कुणी जाऊच शकत नाही. कारण साधं आहे : तो बिंदू स्वतःच रेषेला आपल्याकडे ओढतो आणि ज्या पसाऱ्यानं आपण भागतो तो पसाराही फुगवतो.

म्हणून तो बिंदू वगळून पसारा काढायचा आणि त्यानं भागायचं. याला एक्स्टर्नली स्टुडंटाइझ्ड रेसिड्युअल म्हणतात, आर सॉफ्टवेअरमध्ये 'आरस्टुडंट'. या बिंदूसाठी तो हजाराच्या पुढे जातो, कारण उरलेले दहा बिंदू जवळपास अचूक एका रेषेवर आहेत : य = ४ + ०.३४६ क्ष. एका बिंदूनं उतार ०.३४६ वरून ०.५ वर नेला. कुक यांचं १९७७ चं अंतर हाच प्रभाव मोजतं. इथे ते १.३९ आहे, आणि १ च्या वर गेलं की थांबून पाहायचं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. चौथ्या संचात दहा बिंदूंचा क्ष ८ आहे आणि एकाचा १९. त्या एकाचं लिव्हरेज पूर्ण १, म्हणून रेषा त्याच्यातूनच जाते आणि रेसिड्युअल शून्य येतो. सगळा उतार त्या एकट्यावर उभा, आणि रेसिड्युअलच्या आलेखात तो सर्वांत निष्पाप दिसतो. लिव्हरेजचा रकाना शेजारी ठेवल्याशिवाय रेसिड्युअल वाचू नये, ते यासाठी.

आणि बिंदू सापडला म्हणून खोडायचा नाही. मूळ नोंदवही पाहा : दशांशचिन्ह सरकलं का, एकक बदललं का, दुसऱ्याच ओळीचा आकडा आला का. चूक सापडली तर दुरुस्त करा. नाही सापडली तर त्याच्यासह आणि त्याच्याविना, दोन्ही निकाल छापा.

प्रश्न : २००० नोंदी आहेत. शापिरो-विल्क चाचणीत पी-व्हॅल्यू ०.००१. मॉडेल टाकून द्यावं लागेल का?

उत्तर : नाही. एवढ्या नोंदी असल्या की रेसिड्युअल घंटाकृती आहेत का हे पाहणारी ही चाचणी अगदी बारीक विचलनही पकडते, आणि उताराच्या अनुमानाला तेवढ्यानं सहसा धक्का लागत नाही. क्यू-क्यू आलेख काढा : त्यात घंटाकृती रेसिड्युअल एका सरळ रेषेवर पडतात. टोकाचे दोन-चार बिंदू रेषेपासून जरा सुटलेले असतील तर पुढे जा. दोन्ही टोकं ठळकपणे वळलेली असतील आणि तुम्हाला एकेका नव्या नोंदीचं भाकीत-अंतर द्यायचं असेल, तर मात्र काळजी करा, कारण ते अंतर थेट घंटाकृती गृहीतकावर उभं असतं. आणखी एक : तपासणी रेसिड्युअलची करायची, मूळ यची नव्हे. य दोन उंचवट्यांचा असूनही रेसिड्युअल उत्तम घंटाकृती असू शकतात.

प्रश्न : दूध संकलनाच्या मासिक आकड्यांवर मॉडेल बसवलं, डर्बिन-वॉटसन ०.६२ आला. याचा अर्थ काय? (डेअरी क्षेत्रातील वाचक)

उत्तर : हा आकडा ० ते ४ मध्ये असतो, आणि लागोपाठच्या रेसिड्युअलमध्ये नातं नसेल तर २ च्या आसपास. सहसंबंध साधारण १ वजा त्याचा निम्मा, म्हणजे तुमचा ०.६९. या महिन्यात मॉडेल कमी सांगत असेल, तर पुढच्या महिन्यातही बहुधा कमीच सांगतं. दुधाच्या बाबतीत पहिला संशय ऋतूवर घ्या. बारा महिन्यांसाठी अकरा सूचक चल घाला आणि रेसिड्युअल काळानुसार पुन्हा मांडा. डर्बिन-वॉटसन फक्त शेजारच्या महिन्याचं नातं पाहतो, गेल्या वर्षीच्या याच महिन्याचं नाही. त्यासाठी ब्रॉइश-गॉडफ्री चाचणीत बारा महिन्यांपर्यंतचे मागचे रेसिड्युअल घ्या. मॉडेलमध्ये मागच्या महिन्याचं संकलन हेच चल म्हणून घातलं असेल, तर डर्बिन-वॉटसन खोटा दिलासा देतो. तो २ कडे झुकतो.

प्रश्न : ५० गावांच्या एकाच वर्षाच्या माहितीवर डर्बिन-वॉटसन २.१ आला, प्रबंधात तसं लिहिलं. परीक्षकांनी हरकत घेतली. का?

उत्तर : कारण गावं ज्या क्रमानं टाइप केली, त्या क्रमावर तो आकडा ठरला. यादी अकारविल्हे केलीत तर वेगळा येईल, तालुकावार केलीत तर आणखी वेगळा. ॲन्सकोमचा दुसरा संच मूळ क्रमानं (क्ष १०, ८, १३, ९, ११, १४, ६, ४, १२, ७, ५) घेतला तर डर्बिन-वॉटसन २.१९ येतो, सगळं आलबेल वाटतं. तेच अकरा बिंदू क्षच्या चढत्या क्रमानं लावले की ०.३८. गावांसाठी दोन गोष्टी करा. मुख्य चलाच्या क्रमानं लावून वक्रता पाहा, आणि रेसिड्युअलची चिन्हं नकाशावर रंगवा. शेजारच्या गावांना एकच रंग मिळत गेला, तर पाऊस, कालवा किंवा जमीन यांपैकी काहीतरी मॉडेलबाहेर राहिलं आहे.