तीन महिन्यांचा भाडेकरू: वाचकांचे प्रश्न

कामानिमित्त दोन-चार महिन्यांसाठी गावोगाव फिरणाऱ्या लोकांना सामानासकट घर भाड्याने देण्याबद्दल मागच्या अंकात थोडंसं लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले काही इथे घेतेय.

ताई, नमस्कार. आईबाबांचं दोन बेडरूमचं घर रिकामं पडलंय. मैत्रीण म्हणते वर्षाचा भाडेकरू नको ठेवूस, फर्निचर टाक आणि थोड्या महिन्यांसाठी येणाऱ्या नोकरदारांना दे, दीडपट भाडं येतं. खरंच येतं का? आणि हे लोक असतात तरी कोण?

आधी कोण ते सांगते. करारावर काम करणाऱ्या नर्स आणि डॉक्टर, साइटवर आलेले इंजिनिअर, ऑडिटवाले, एखाद्या कंपनीत नवीन सॉफ्टवेअर बसवायला आलेली टीम, एका सत्रापुरते शिकवायला आलेले प्राध्यापक, बदली झालीय पण कायमचं घर अजून मिळालं नाही अशी कुटुंबं. अजून एक गट आहे जो पटकन लक्षात येत नाही, ज्यांच्या घराला आग लागली किंवा घरात पाणी शिरलं त्यांचा दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहायचा खर्च बऱ्याच विमा पॉलिसीत बसतो, आणि ही कुटुंबं जास्त दिवस राहतात. एकूण मुक्काम साधारण एक महिन्यापासून वर्षाच्या आत.

आता दीडपटीचं. येतं, पण घर भरलेलं असेल त्याच महिन्यात येतं, आणि हे मैत्रिणी सांगत नाहीत. हिशोब करून बघू. साध्या रिकाम्या घराचं महिन्याचं भाडं १०० धरा, वर्षाचे झाले १२००. सामानासकट १५० मिळाले आणि घर ९ महिने भरलं तर १३५०. पण इथे लाइटबिल, पाणी, इंटरनेट, साफसफाई सगळं तुमच्याकडे, ते महिन्याला २० धरलं तर वर्षाचे २४० गेले, हातात राहिले १११०. म्हणजे साध्या भाडेकरूपेक्षा कमीच, आणि यात फर्निचरचा खर्च धरलेलाच नाही! तेच घर १० महिने भरलं तर १२६० आणि ११ महिने भरलं तर १४१०. तुमच्या भागातले आकडे घालून हे गणित स्वतः करा, फर्निचरचा खर्च ४-५ वर्षांत वाटून टाका, आणि मग ठरवा. अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सचे, म्हणजे करारावर गावोगाव जाऊन काम करणाऱ्या नर्सचे, करार बहुतेक १३ आठवड्यांचे असतात, असे चार म्हणजे बरोबर ५२ आठवडे, कागदावर वर्ष गच्च भरतं, पण एक माणूस सकाळी गेला आणि दुसरा संध्याकाळी बॅग घेऊन आला असं होत नाही. या धंद्यात खरा खर्च रिकाम्या दिवसांचा आहे, म्हणून माझी पुढची सगळी उत्तरं त्याच्याच भोवती फिरणार आहेत.

आणि आसपास मोठं हॉस्पिटल, विद्यापीठ, कारखाने, चालू असलेलं मोठं बांधकाम यातलं काहीच नसेल तर सरळ वर्षाचा भाडेकरू बघा. मनापासून सांगतेय.

घरात सामान किती लागतं? आमच्याकडचं जुनं फर्निचर चालेल ना?

जुनी कपाटं, टेबलं चालतील, जुनी गादी नाही चालणार. येणारा माणूस सुट्टीवर आलेला नाही, त्याला उद्या सकाळी कामावर जायचंय किंवा रात्रभर ड्युटी करून आत्ता झोपायचंय. म्हणून पैसे घालायचे तर आधी गादीत घाला, मग खिडक्यांच्या जाड पडद्यांत. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, त्याच्या खोलीत अंधार झाला नाही तर त्याला तिथे झोप लागत नाही, तो मुदत वाढवत नाही, आणि पुन्हा आले तुमचे रिकामे दिवस.

त्यानंतर टेबल आणि पाठीला आधार देणारी खुर्ची, डायनिंगची नाही. इंटरनेट चांगलं घ्या आणि टेबलापाशी बसून स्पीड मोजा, राउटरजवळ नाही. वॉशिंग मशीन घरातच हवं. स्वयंपाकघर खरोखर स्वयंपाक करता येईल असं हवं, म्हणजे धारदार सुरी, झाकणं बसणारी भांडी, गाळणी, डबे. तीन महिने कोणी रोज बाहेरचं खात नाही. चादरी-टॉवेलचे प्रत्येक बेडमागे दोन-तीन सेट ठेवा.

आणि एक, जे जवळजवळ सगळेच विसरतात: कपाटं रिकामी करा!! आपलं जुनं सामान एका खणात कोंबून ठेवायचं आणि वर्षाचे कपडे घेऊन आलेल्या माणसाला अर्धा खण द्यायचा, हे करू नका. देवाधर्माच्या वस्तू, फोटो, आईच्या आठवणीच्या गोष्टी सगळं तिथून काढून घरी न्या, म्हणजे काही फुटलं-हरवलं तरी मनाला लागत नाही. धुराचा अलार्म लावा, गॅस जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचाही. घरात आत कॅमेरा कुठेही नको, म्हणजे नकोच.

मी स्वतः भाड्याच्या घरात राहते. दुसरं एक घर भाड्याने घेऊन, सजवून पुढे देता येईल का?

मालकाची लेखी परवानगी असेल तर येईल. तोंडी "हो हो काही हरकत नाही" वर एक खुर्चीसुद्धा विकत घेऊ नका. शिवाय घर रिकामं असलं तरी तुम्हाला मालकाचं भाडं भरायचंच आहे, म्हणून दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवल्याशिवाय सुरू करू नका.

स्वतःचं घर असणाऱ्यांनीही चार ठिकाणी विचारून घ्या: सोसायटी, कर्ज असेल तर बँक, विमा कंपनी आणि स्थानिक प्रशासन. स्वतः राहण्यासाठी घेतलेला विमा भाडेकरू ठेवल्यावर लागू होईलच असं नाही, हे आधी लेखी विचारा. बऱ्याच शहरांत ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम हॉटेलसारखा धरतात, त्याला वेगळा परवाना आणि वेगळा कर, आणि त्यापुढचा मुक्काम भाडेकरूच्या कायद्यात येतो. म्हणजे एक कटकट कमी होते खरी, पण राहणाऱ्याला भाडेकरूचे हक्क मिळतात, पटलं नाही म्हणून कुलूप बदलता येत नाही. नियम गावागणिक बदलतात म्हणून एकदा वकिलाला पैसे देऊन करार तपासून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

लोक शोधायचे कुठे? आणि फसवणूक होते म्हणतात ती कशी?

वेबसाइट आहेत, एअरबीएनबीवर २८ दिवस किंवा जास्त राहणाऱ्यांसाठी महिन्याचा वेगळा दर ठेवता येतो. पण मला स्वतःला थेट ओळखी जास्त उपयोगी पडल्या. हॉस्पिटलचं एचआर, कंपनीचं ॲडमिन, विद्यापीठाचं पाहुण्या प्राध्यापकांचं काम बघणारं ऑफिस, यांना घराचे फोटो, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर आणि कधीपासून रिकामं आहे एवढं एका पानावर पाठवा. दर महिन्याला तारीख बदलून पुन्हा पाठवा.

फसवणुकीचा नेहमीचा प्रकार असा. माणूस घर न बघताच हो म्हणतो, ठरलेल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो, मग चुकून जास्त गेले, वरचे परत करा म्हणतो, तुम्ही पाठवता आणि काही दिवसांनी चेक परत येतो. जास्तीचे पैसे आले तर काहीही परत पाठवायचं नाही, आधी बँकेत जायचं. ओळखपत्र, कंपनीचं पत्र किंवा कामाचा करार, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, एवढं प्रत्येकाकडून मागा, सगळ्यांना तेच नियम. नावावरून, आडनावावरून माणूस निवडू नका. तिकडूनही भीती असतेच हे लक्षात ठेवा, खोट्या जाहिरातींना पैसे भरून फसलेले खूप जण आहेत. म्हणून स्वतःहून व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, नळ सोडून दाखवा, खिडकीतून रस्ता दाखवा.

त्यांचं काम मध्येच संपलं तर?

हे माझ्या बाबतीत झालंय. पहिल्याच वर्षी तीन महिन्यांचं ठरलं होतं, पाचव्या आठवड्यात त्या मुलीचं काम कंपनीने रद्द केलं, आणि आमच्या करारात याबद्दल एक ओळ नव्हती. ती रडकुंडीला आलेली, मला पुढचे दोन महिने दिसत होते रिकामे, दोघींचंही खरं होतं. शेवटी महिन्याचं भाडं घेऊन सोडलं, पण त्या चार दिवसांत दोघींना जो मनस्ताप झाला तो टाळता आला असता.

आता करारात लिहूनच टाकते: काम रद्द झालं तर कंपनीचं पत्र दाखवायचं, ३० दिवसांची नोटीस द्यायची आणि तेवढ्या दिवसांचं भाडं. सुरू आणि संपायची तारीख, डिपॉझिट कधी परत, लाइटबिल किती युनिटपर्यंत माझ्याकडे, कोण कोण राहणार, हे सगळं त्यातच. किल्ली देताना सामानाची यादी आणि घराचा व्हिडिओ, दोघांकडे एकेक प्रत.

कुत्रा घेऊन येतो म्हणतात, द्यावं का?

जमत असेल तर द्या. कुत्र्यासकट घर मिळणं अवघड असतं, म्हणून मिळालं की असे लोक टिकतात. साफसफाईचे वेगळे पैसे आधी ठरवा.

एकदा माणूस राहायला आला की आपलं काम संपलं ना?

नाही ना. तिसऱ्या दिवशी एक फोन करा, गरम पाणी येतंय का, नेट चालतंय का, काय कमी पडतंय. जे सांगतील ते त्याच आठवड्यात करा. मग रोज रोज फोन करू नका, न सांगता दारात तर मुळीच जाऊ नका. आणि संपायच्या तारखेच्या ३० दिवस आधी विचारा की मुदत वाढवायची आहे का. वाढली तर उत्तमच, नाही म्हणाले तर त्याच संध्याकाळी नवीन तारीख घालून ते पान एचआरवाल्यांना पाठवायला बसा.