गेटपुरता बेल्ट

"मॅडम, सांगून सांगून तोंड दुखलं, पण माणसं ऐकत नाहीत." कारखान्यातल्या अधिकाऱ्यांचं हे गाऱ्हाणं माझ्या कानावर सारखं येतं. कधी हेल्मेटवरून, कधी हातमोज्यांवरून. या वेळी सीटबेल्टवरून होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. माझ्याकडे आले होते झोप लागत नाही म्हणून. हाताखाली अकरा ड्रायव्हर, पिकअप आणि छोटे हत्ती. माल पुण्याला, हैदराबादला. रात्री फोन वाजला की यांच्या छातीत धस्स. त्यांनी वॉचमनला गेटवर बेल्ट बघायला लावलं आणि बेल्ट नसेल तर पगारातून दोनशे कापायला सुरुवात केली (ते कायद्यात बसतं का, हा वेगळाच विषय). परिणाम? गेटपर्यंत बेल्ट, गेट ओलांडलं की खट्. दोघांनी तर बेल्ट न लावल्याची बीप बंद करायला बेल्टशिवायचं नुसतं लॉक आणून खोचलं होतं. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना जी विक्रीतून काढायला लावली, तीच लॉकं.

मग मी ड्रायव्हरांची बैठक घेतली, आणि पहिल्यांदा माझंच चुकलं. मी आकडे सांगत बसले. दंड 1000 रुपये. ताशी 60 च्या वेगाने आदळणं म्हणजे चौदा मीटरवरून, जवळजवळ चौथ्या मजल्यावरून खाली पडणं. पुढे बसणाऱ्याच्या मृत्यूचा धोका बेल्टमुळे जवळपास निम्म्यावर येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळे माना डोलावत होते. एवढ्या एकमताने माना डोलतात तेव्हा कोणी ऐकत नसतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी सुपरवायझरना बाहेर बसवलं आणि एवढंच विचारलं, "बेल्टचा त्रास काय होतो? मी वाद घालणार नाही." मग लोक बोलू लागले. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला घामाने मान सोलवटते. पांढऱ्या युनिफॉर्मवर काळा पट्टा उमटतो, घरी बायको बोलते. गावात माल टाकताना दर शंभर पावलांवर उतरावं लागतं. एकजण म्हणाला, "बेल्ट लावला की लोक नवशिका समजतंय."

सगळ्यांत शेवटी मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात. सव्वीस वर्षं गाडीवर. "मॅडम, गाडी पेटली तर?" हैदराबाद रोडला फार वर्षांपूर्वी त्यांच्या जोडीदाराच्या ट्रकची केबिन चेपली होती. मामांनी दार ओढलं, निघालं नाही. तो आतच गेला.

"त्याने बेल्ट लावला होता का?" मी विचारलं.

"नव्हता की. स्टेअरिंगमध्ये अडकला होता." एवढं बोलून मामा थांबले. बराच वेळ हातातला कप नुसता फिरवत राहिले.

इथे मी "बघा मग!" म्हणाले असते तर मामा हातचे गेले असते. मीही गप्प बसले. ती भीती अडाणीपणाची नव्हती, दुःखाची होती. दंडाने ती जाणार कशी?

थोड्या वेळाने मामांनाच विचारलं, गाडीत बसून बघू या का? यार्डात पिकअप उभी होती. मामांनी बेल्ट लावला, डोळे मिटले आणि डाव्या हाताने लॉक चाचपलं. पहिल्यांदा हात हँडब्रेकवर गेला. दुसऱ्यांदा सीटच्या फटीत. तिसऱ्यांदा खट्. मग सात-आठ वेळा, न सांगता. "निघतंय की ओ!" मग मी एवढंच म्हणाले, की पेटण्याचे प्रसंग क्वचित येतात, पण तेव्हाही आधी शुद्ध राहायला हवी, आणि डोकं काचेवर आपटलं तर ती राहत नाही.

सुपरवायझरना माझं सांगणं इतकंच होतं: "का नाही लावला?" असं विचारू नका, "काय अडलं?" असं विचारा, आणि उत्तर आलं तर त्यावर काहीतरी करा. त्यांनी पगारकपात थांबवली, युनिफॉर्मचा शर्ट गडद निळा केला. मानेखाली घ्यायला कारखान्यातलेच रिजेक्ट झालेले पातळ नॅपकिन दिले. टॉवेलच्या कारखान्यात हे आधी कोणाला सुचलं नव्हतं!

अकरापैकी दोघे अजून टाळाटाळ करतात. सुपरवायझरांच्या झोपेवर आमचं काम चालू आहे. फोन वाजला की अजून दचकतात.

मागच्या महिन्यात मामाच त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "साहेब, माझं झालं, पण शेजारी हमाल बसतंय, त्याचं काय?" त्या बाजूचा बेल्ट सीटखाली दबलेला होता. दोघांनी मिळून सीट उचलली, बेल्ट ओढून काढला. लॉक काही लागेना. उलटं करून झटकलं, तर आतून शेंगांची टरफलं पडली.