नेपाळी राखणदाराची मुलगी शाळेत गप्प बसते

ताई, तुमच्या देवगडच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाची 8 वर्षांची मुलगी तिसरीत गेली, महिना झाला तरी तोंड उघडत नाही, म्हणून बाई तिला पहिलीत बसवायचं म्हणतात. बसवू देऊ नका. मी बंदराजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचो, नेपाळी खलाशांची पोरं वर्गात कायम असायची. अशाच एका पोराला मी पहिलीत ढकललं होतं. अक्षरं त्याला येत होतीच, नेपाळीही देवनागरीतच लिहितात. पोर कंटाळलं आणि त्याची शाळा कायमची सुटली. चूक माझी.

गप्प आहे म्हणजे कळत नाही असं नव्हे. नवी भाषा कानात मुरेपर्यंत बरीच मुलं काही महिने बोलत नाहीत. त्यात हिला दोन भाषा शिकायच्यात: अंगणात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. पहिलं वाक्य 'माका नको' असं आलं तर बाईंनी तिथेच सुधारू नये, एवढं सांगा. 'ळ' नेपाळीत नाही, तो अडखळणार. निर्जीव वस्तूंना तिकडे आपल्यासारखं लिंग नसतं, त्यामुळे 'माझा पाटी' ऐकून पोरं हसणार. भात, हात, नाक, कान, मामा हे शब्द मात्र दोन्हीकडे तेच. सुरुवात तिथून करा. आणि बाईंच्या समोर नको, एखाद्या बडबड्या मुलीच्या शेजारी बसवा.

शिक्षण हक्क कायद्याचं (2009) कलम 4 वयानुसार वर्ग देतं, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही देतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्मसाल 2074 लिहिलेलं बघून आमचे एक गुरुजी म्हणाले होते, 'ही अजून जन्मायचीय!' ते नेपाळचं विक्रम संवत. इसवी सन काढायला त्यांच्या वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत 57 वजा करा, पुढे चैत्रापर्यंत 56.

खरी अडचण मे महिन्यात येईल. आंबा उतरला की ही माणसं गावी जातात, आपली शाळा जूनमध्ये उघडते, नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखातच सुरू झालेलं असतं. खलाशांचंही तेच, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. निघताना शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तक आईच्या हातात पडेल असं बघा. बापाच्या नको, आमच्याकडे एकाचं होडीत भिजून गेलं होतं.