डिस्पोजलचा ट्रक आणि निवृत्तीचे पैसे

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, ओहायोत कोलंबसला असतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. अमेरिकी लष्कराच्या सेवेतून निघालेला १९८५ चा शेवरोले एम१००८ डिझेल पिकअप ९,५०० डॉलरला मिळतोय. ३५ इंची टायर, ओव्हरड्राइव्हवाला (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा) गिअरबॉक्स, टर्बो आणि रंग यांचे आणखी १०,५०० धरलेत. निवृत्तीच्या ४०१-के खात्यात १,३०,००० आहेत, त्यातून २०,००० चं कर्ज काढावं म्हणतो; व्याज शेवटी आपल्यालाच मिळतं. ट्रक आला की दुसरी गाडी विकू. बचत ११,०००, घरखर्च महिना ४,८००, क्रेडिट कार्डावर ३,२०० थकलेत. महिन्याला ९०० बाजूला पडतात. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचार.

उत्तर: वहिनींचं ऐकलंत हे बरं केलंत. आमच्या तालुक्यात पूर्वी मिलिटरी डिस्पोजलची एक जीप होती. तिचा मालक आणि मेकॅनिक व्याही असल्यासारखे रोज भेटायचे. त्यामुळे तुमची हौस मला कळते, आणि तिची किंमतही.

ट्रक घ्या, पण कर्ज काढून नको. व्याज आपल्यालाच मिळतं हे खरं असलं तरी तेवढे २०,००० बाजारातून बाहेर राहतात. साडेआठ टक्के दर धरला तर ५ वर्षं महिना ४१० डॉलर पगारातून कापले जातील. तेही चाललं असतं. तुमच्या बाबतीत अडतं ते व्हिसावर. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. बहुतेक योजनांत नोकरी सुटली की कर्जाची बाकी पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती रक्कम तुमचं उत्पन्न धरतात, आणि साडेएकोणसाठच्या आतल्या माणसाला वर १० टक्के दंड. परतायची वेळ आली तर ट्रक भारतात नेता येणार नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे आयात होत नाही. म्हणजे ऐन घाईत मिळेल त्या भावाला फुंकायचा.

दुसरी गाडी तर विकूच नका. या ट्रकला तीन गिअरचा ऑटोमॅटिक, ओव्हरड्राइव्ह नाही, आणि ॲक्सलचं गुणोत्तर ४.५६, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे साडेचारच्या वर फेरे. ताशी ५५ मैलांच्या वर इंजिन नुसतं किंचाळतं. गॅलनला १५ मैल मिळाले तरी खूप. शिवाय ओहायोत ऐतिहासिक वाहनाची स्वस्त नंबरप्लेट घेतलीत तर प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबच्या सहली आणि दुरुस्तीला नेणं-आणणं एवढंच चालतं. रोज ऑफिसला नाही. हौशी गाड्यांचा स्वस्त विमाही साधारणपणे रोजच्या वापराची वेगळी गाडी दारात असेल तरच मिळतो.

आता तुमची यादी. टर्बो खोडा. ६.२ लिटरचं हे व्ही-८ डिझेल मुळात टर्बोशिवायचं, आणि मेन बेअरिंगजवळ ब्लॉकला तडे जाणं हा त्याचा जुना रोग. चाळिशीच्या इंजिनाला त्यावर आणखी दाब कशाला? टायर मात्र घ्या. मूळ टायर ३२ इंचांच्या जरा आत असतात. ३५ इंची घातले की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण १० टक्क्यांनी कमी होतात. स्पीडोमीटर तेवढंच कमी दाखवेल, ते लक्षात ठेवा. एवढ्यावर भागतंय का ते वर्षभर बघा. गिअरबॉक्सचे पैसे कदाचित वाचतील. रंगाचं तुमचं तुम्ही बघा.

तुमच्या यादीत जे नाहीच, त्याला आधी १,५०० ठेवा. या ट्रकचा स्टार्टर २४ व्होल्टचा, बाकी बरंचसं १२ वर. दोन बॅटऱ्या, दोन अल्टरनेटर. थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगचा रिले (स्विच) चिकटला की प्लग जळतात, फुगतात, आणि काढताना टोक तुटून सिलिंडरमध्ये पडू शकतं. स्टार्टरचा मागचा आधाराचा ब्रॅकेट कुणीतरी स्टार्टर काढून परत बसवताना हमखास विसरलेला असतो. तो नसेल तर बोल्ट तुटतात, ब्लॉकला धोका. आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते ओहायोतलं मीठ तुम्ही जाणताच, तेव्हा गंज बघा: केबिनचे कोपरे, दाराखालचा पत्रा.

जमेची बाजूही आहे. पुढचा डाना ६० नावाचा दणकट ॲक्सल एवढा भाव खातो की नुसत्या त्याच्यासाठी लोक असे ट्रक उचलतात. त्यामुळे किंमत शून्यावर येणार नाही. बदलांवर घातलेले पैसे मात्र विकताना क्वचितच परत येतात. म्हणूनच दुसऱ्याने हौसेने पैसे ओतून झालेला ट्रक शोधा. त्याचा तोटा तो तुमचा फायदा.

९०० डॉलरचा हिशोब असा लागतो: चार महिन्यांत कार्ड मोकळं, नऊ महिन्यांत बचत चार महिन्यांच्या खर्चाएवढी, पुढच्या अकरा महिन्यांत ट्रक रोखीने. दोन वर्षं. तोवर इतर ट्रक बघत राहा. लष्कराने हे हजारोंनी घेतले होते.

बघायला जाल तेव्हा टायटल (मालकीचा कागद) विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना ते तपासा, आणि सकाळी लवकर जा. मी येण्याआधी इंजिन चालू करू नका असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा; थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचंय. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि घरी या.